भाषेचा वर्ग आणि शिक्षकाचे कृतिसंशोधन



भाषेच्या तासाला शिक्षक प्रश्न विचारतात तेव्हा पहिल्या दोन बाकांवरचे तीन-चार हात वर होतात. उत्तर मिळते, पाठ पुढे सरकतो आणि तास चांगला झाला, असे समाधान शिक्षकाला लाभते. उरलेल्या तीस-पस्तीस मुलांनी त्या तासात स्वतःचे असे एक तरी वाक्य उच्चारले का, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. गणिताच्या तासाला गप्प बसलेले मूल निदान वहीत आकडे मांडत असते. भाषेच्या तासाला गप्प बसलेले मूल मात्र ज्या कारणासाठी तो तास आहे, नेमके तेच करीत नसते.

ही मुले का बोलत नाहीत? 'मुले लाजाळू आहेत', 'घरी शिक्षणाचे वातावरण नाही', 'पाया कच्चा राहिला आहे' ही उत्तरे शिक्षकदालनात नेहमीच तयार असतात. ती खरीही असू शकतील, परंतु ती तपासलेली नसतात. न तपासलेल्या कारणावर केलेला उपाय लागू पडला तर तो योगायोग ठरतो आणि लागू न पडल्यास दोष मुलाच्या पदरी येतो. आपल्याच वर्गातील आपल्याच अडचणीचा शिक्षकाने स्वतः, शिस्तबद्ध रीतीने घेतलेला शोध म्हणजे कृतिसंशोधन होय.

हा प्रश्न लहान नाही. 'असर' या ग्रामीण भारताच्या शैक्षणिक पाहणीनुसार इयत्ता तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. कोविड काळातील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे सावरल्यानंतरही चारांपैकी जवळजवळ तीन मुले मागेच आहेत. राष्ट्रीय पाहणी प्रश्नाचा आकार सांगते. मात्र अमुक गावातील अमुक वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेली मुलगी जोडाक्षरापाशी का अडखळते, हे कोणतीही राष्ट्रीय पाहणी सांगू शकत नाही. ते पाहू शकणारी व्यक्ती रोज त्या वर्गात उभी असते.

संकल्पनेचा उगम आणि विकास

कृतिसंशोधन या संकल्पनेचे जनकत्व सामान्यतः कुर्ट लेविन या जर्मनीत शिकलेल्या आणि १९३३ मध्ये अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञाकडे दिले जाते. अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसंबंधी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले, की केवळ ग्रंथांना जन्म देणारे संशोधन समाजाला पुरेसे नाही. नियोजन, कृती आणि कृतीच्या परिणामांचा शोध अशा आवर्तनांतून ते पुढे गेले पाहिजे. शिक्षणक्षेत्रात ही कल्पना रुजविण्याचे श्रेय कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील स्टीफन कोरी यांना जाते. शालेय व्यवहार सुधारण्यासाठी कृतिसंशोधन कसे करावे, याविषयीचे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात 'संशोधक शिक्षक' ही भूमिका ठामपणे मांडली. त्यांच्या मते अभ्यासक्रम म्हणजे वर्गात पडताळून पाहावयाचे गृहीतक होय. वरून आलेला अंतिम आदेश असे त्याचे स्वरूप नसते. ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाचे स्टीफन केमिस आणि रॉबिन मॅकटॅगार्ट यांनी १९८० च्या दशकात नियोजन, कृती, निरीक्षण आणि चिंतन या चार टप्प्यांच्या सर्पिलाकार आवर्तनाला सुटसुटीत रूप दिले. आज अध्यापक महाविद्यालयांत सर्वाधिक शिकविले जाणारे प्रारूप हेच आहे. भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात ॲन बर्न्स यांनी ऑस्ट्रेलियातील प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांसमवेत केलेले सहयोगी कृतिसंशोधन १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आले. डिक ऑलराइट यांनी त्याहून वेगळी वाट सुचविली. वर्गातील कोडे सोडविण्याची घाई करण्यापूर्वी ते शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

भारतीय परंपरा

ही दृष्टी केवळ परदेशातून आली, असे मानणे योग्य होणार नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. 'दिवास्वप्न' या १९३२ च्या त्यांच्या गुजराती पुस्तकातील काल्पनिक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. पहिल्याच दिवसांत त्याची योजना फसते. ते तो मान्य करतो, कारण शोधतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्टीच्या साहाय्याने नवी सुरुवात करतो. फसलेल्या तासाचा प्रामाणिक हिशेब ठेवणे हा या पुस्तकाचा फार मोठा धडा आहे.

गिजुभाईंसमवेत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. तेथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी बालकांसाठी शाळेचे रूपच पालटले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, या अनुभवातून मुलांना दोष देण्याऐवजी त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हे शब्दशः कृतीतून निघालेले उत्तर होते.

दुसऱ्या भाषेच्या अध्यापनात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये राबविलेला प्रकल्प 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभर अभ्यासला जातो. मुलांचे लक्ष अर्थाकडे असताना भाषेची रचना अधिक चांगली आत्मसात होते, हे त्यामागील गृहीतक होते. म्हणून व्याकरणाच्या पाठांऐवजी नकाशे, वेळापत्रके, तर्कावर आधारित कोडी अशा कार्यांभोवती तास गुंफले गेले. कार्य किती अवघड असावे, याचा ठोकताळाही वर्गानुभवातूनच निघाला. निदान निम्म्या मुलांना निदान निम्मे कार्य जमले, तर ते योग्य पातळीचे समजावे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनाने या गृहीतकाला सावध स्वरूपाचा दुजोरा दिला आणि प्रत्यक्ष शाळांतील दोन वर्गांची काटेकोर तुलना करणे किती कठीण असते, हेही दाखवून दिले.

कृतिसंशोधन आणि मूलभूत संशोधन

या दोहोंतील भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. मूलभूत संशोधनाचा हेतू सिद्धान्ताची निर्मिती हा असतो, तर कृतिसंशोधनाचा हेतू विशिष्ट परिस्थितीत सुधारणा हा असतो. मूलभूत संशोधनात संशोधक बहुधा वर्गाबाहेरचा असतो. कृतिसंशोधनात तो वर्गाचाच घटक असतो. पहिल्यात प्रातिनिधिक नमुना निवडून निष्कर्षांचे सामान्यीकरण केले जाते. दुसऱ्यात संपूर्ण वर्ग हाच अभ्यासविषय असल्याने निष्कर्ष त्या वर्गापुरते मर्यादित राहतात. पहिल्यात आराखडा आरंभीच निश्चित होतो, दुसऱ्यात तो चालू असताना बदलता येतो. तथापि ही लवचीकता म्हणजे ढिलाई नव्हे. प्रश्न स्पष्ट असणे, पुरावा नोंदलेला असणे आणि निष्कर्ष इतरांपुढे तपासणीसाठी ठेवलेला असणे, या तीन अटी दोन्हींना सारख्याच लागू आहेत.

एका आवर्तनाचे उदाहरण

समजा, चाळीस मुलांचा चौथीचा वर्ग आहे. 'मुले वर्गात बोलत नाहीत' ही शिक्षिकेची तक्रार आहे. तक्रार म्हणजे संशोधनप्रश्न नव्हे. तो बनविण्यासाठी आधी वस्तुस्थिती पाहावी लागते. शिक्षिका आपले तीन तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते आणि घरी ऐकताना वर्गयादीवर खुणा करीत जाते. एकूण प्रश्न किती, ते कोणास विचारले, उत्तर किती शब्दांचे आले आणि प्रश्नानंतर ती स्वतः किती वेळ थांबली, याची ती नोंद घेते. तिच्या ध्यानात येते की तीन तासांत केवळ नऊ मुले बोलली, बहुतेक उत्तरे एका शब्दाची होती आणि प्रश्न विचारल्यावर एक-दीड सेकंदातच ती स्वतः उत्तर देऊन टाकीत होती. 'मुले बोलत नाहीत' या वाक्याचा अर्धा अर्थ 'मुलांना बोलण्यास वेळ मिळत नाही' असा निघतो.

येथे पूर्वसंशोधन साहाय्यास येते. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखविले होते, की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविल्यास उत्तरांची लांबी व उत्तरे देणाऱ्यांची संख्या वाढते. त्यावरून शिक्षिका कृतिपरिकल्पना मांडते : 'प्रश्नानंतर किमान तीन सेकंद थांबल्यास आणि उत्तर देण्यापूर्वी मुलांना शेजाऱ्याशी बोलू दिल्यास, स्वतःहून बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढेल.' चार आठवडे ती हा बदल करते आणि दर आठवड्याला एक तास ध्वनिमुद्रित करते.

समजा, बोलणाऱ्या मुलांची संख्या नवावरून चौतीसवर गेली. येथे अहवाल लिहून थांबता येईल. परंतु चिंतनाचा टप्पा खऱ्या अर्थाने येथेच सुरू होतो. उरलेली सहा मुले कोण? शिक्षिका त्यांच्याशी वर्गाबाहेर, खेळाच्या वेळी बोलते. पाच मुलांची घरची बोली वेगळी असल्याचे आणि पूर्वी कधी तरी त्यांच्या उच्चारांवर वर्ग हसल्याचे तिला कळते. दुसऱ्या आवर्तनात ती या मुलांना प्रथम आपल्या बोलीत सांगू देते, त्यांचे शब्द फळ्यावर लिहिते आणि त्यांशेजारी पाठ्यपुस्तकातील शब्द मांडते. पाचही मुले हळूहळू बोलू लागतात. सहावे मूल मात्र गप्पच राहते. जवळ बसवून पाहिल्यावर शिक्षिकेला शंका येते आणि तपासणीत त्या मुलाला कमी ऐकू येत असल्याचे निष्पन्न होते. तीन वर्षे ज्याला 'मंद' समजले गेले, त्याची अडचण भाषेची नव्हतीच. उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील एकही पायरी अपरिचित नाही. सरासरीवर समाधान मानले असते, तर हे मूल कोणाच्याच नजरेस आले नसते.

माहिती-संकलनाची साधने

भाषेच्या वर्गासाठी उपलब्ध साधने साधी आहेत. त्यांची निवड प्रश्नावरून ठरते.

पहिले साधन शिक्षकाची रोजनिशी. तास संपल्यावर दहा मिनिटांत लिहिलेल्या चार ओळी महिन्याभराने अत्यंत मोलाच्या ठरतात. तथापि 'मुले आज उत्साही होती' ही नोंद मत आहे आणि 'बारा मुलांनी प्रश्न विचारले' ही नोंद निरीक्षण आहे. रोजनिशीत दोन्हींना जागा असावी, मात्र रकाने वेगळे असावेत.

दुसरे साधन वर्गनिरीक्षण. नेड फ्लँडर्स यांच्या आंतरक्रिया-विश्लेषण पद्धतीत दहा प्रकार आहेत. त्यांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता अथवा गोंधळाचा आहे. ठरावीक अंतराने नोंद करीत गेल्यास तासभरात कोण किती बोलले, याचे चित्र मिळते. संपूर्ण पद्धत राबविणे जमले नाही, तरी सहकारी शिक्षकाने मागे बसून बोलणाऱ्या मुलांच्या जागा नकाशावर खुणावल्या, तरी पुष्कळ उलगडा होतो.

तिसरे आणि भाषाशिक्षकाचे खास साधन म्हणजे चुकांचे विश्लेषण. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये लक्षात आणून दिले, की विद्यार्थ्याच्या नियमित चुका हा त्याने मनाशी बांधलेल्या नियमांचा पुरावा असतो. अनवधानाने घडलेली चूक मूल स्वतः दुरुस्त करते, नियमित चूक त्याला चूक वाटतच नाही. मराठीभाषक मूल हिंदीत 'मैंने रोटी खाई' ऐवजी 'मैं रोटी खाई' असे लिहिते, कारण मराठीत 'मी पोळी खाल्ली' या वाक्यातील 'मी'ला 'ने' प्रत्यय लागत नाही. बंगालीभाषक मूल हिंदी क्रियापदाच्या लिंगात चुकते, कारण बंगालीत व्याकरणिक लिंगभेदच नाही. एकाच वर्गातील या दोन मुलांना एकच स्वाध्याय देणे निरर्थक आहे. वीस वह्यांतील चुका प्रकारांनुसार मांडल्या, तर पुढील महिन्याचे नियोजन त्यातूनच उभे राहते.

वाचनासाठी न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केलेली 'धावती नोंद' उपयुक्त आहे. मूल मोठ्याने वाचत असताना शिक्षक प्रत्येक शब्दावर बरोबर, बदललेला, गाळलेला अथवा स्वतः दुरुस्त केलेला अशी खूण करतो. 'घोडा' ऐवजी 'घोटा' वाचणारे मूल अक्षरावर अडते, 'घोडा' ऐवजी 'गाढव' वाचणारे मूल अर्थाच्या मागे धावते. दोघांचेही गुण सारखेच जातात, परंतु दोघांची गरज भिन्न आहे. मुलाखत, प्रश्नावली, पडताळासूची, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी ही अन्य साधने सर्वपरिचित आहेत.

पुराव्याची कसोटी

आपल्याच उपायाचे परीक्षण आपणच करताना पक्षपाताचा धोका असतो. म्हणून एकच निष्कर्ष किमान तीन वाटांनी तपासावा, उदाहरणार्थ वह्या, ध्वनिमुद्रण आणि मुलांचे म्हणणे. या तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या, तर निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो. त्या वेगळ्या दिशांना गेल्या, तर तो विसंवाद हाच पुढील प्रश्न असतो.

आणखी दोन सापळे टाळावयास हवेत. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळविलेली दहा मुले निवडून उपाय केला आणि महिन्याने पुन्हा चाचणी घेतली, तर काही सुधारणा उपायाविनाही दिसते. त्या दिवशी आजारी, उपाशी किंवा बिथरलेली मुले दुसऱ्या वेळी आपल्या नेहमीच्या पातळीवर येतात, एवढेच त्याचे कारण असते. म्हणून एकाऐवजी दोन-तीन पूर्वचाचण्या घ्याव्यात. दुसरा सापळा एकाच वेळी अनेक बदल करण्याचा. तक्ते, गट, बक्षिसे आणि नवे पुस्तक एकदमच आणल्यास कशाचा परिणाम झाला, हे सांगता येत नाही.

नैतिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मुले शिक्षकाला सहजासहजी 'नाही' म्हणू शकत नाहीत. ध्वनिमुद्रणासाठी मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती घ्यावी, अहवालात मुलांची नावे बदलावीत आणि ज्या उपायाचा लाभ होईल असे वाटते, त्यापासून तुलनेसाठी म्हणून अर्ध्या वर्गाला वर्षभर वंचित ठेवू नये.

धोरणांची चौकट आणि वास्तव

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर स्थापन झालेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे कृतिसंशोधनास चालना देण्याचे काम सोपविण्यात आले. शिक्षक-शिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चिंतनशील शिक्षकाची कल्पना केंद्रस्थानी आणली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर बालकाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत, शक्य झाल्यास आठवीपर्यंत, मातृभाषेतून वा स्थानिक भाषेतून शिकविण्यावर भर दिला असून शिक्षकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, असे लक्ष्य आहे. या वाक्यातील 'अर्थ समजून' हे दोन शब्द घड्याळाने मोजता येत नाहीत, त्यासाठी शिक्षकाचे निरीक्षणच हवे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दहा हजारांहून अधिक भाषकसंख्या असलेल्या १२१ भाषा आहेत. त्यांपैकी केवळ २२ भाषा आठव्या अनुसूचीत आहेत. एवढ्या वैविध्यात कोणतीही एक अध्यापनपद्धती सर्वत्र लागू पडणे अशक्य आहे. एकमेव सर्वोत्तम पद्धत अस्तित्वात नाही, असे प्रभू यांनी १९९० मध्ये म्हटले होते, त्याचा प्रत्यय भारतीय वर्गात रोज येतो.

असे असूनही कृतिसंशोधन बहुधा पदविकेच्या अथवा पदवीच्या प्रात्यक्षिकापुरते उरते. ठरावीक साच्यातील शीर्षक, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि 'उपाय परिणामकारक ठरला' हा आधीच ठरलेला निष्कर्ष, असे अनेक अहवालांचे रूप असते. 'उपाय फसला' असे लिहिणारा अहवाल क्वचितच आढळतो. मूल्यमापनात फसलेल्या प्रयोगाचे गुण कापले जात असतील, तर दुसरे काय घडणार? त्यातच बहुवर्ग अध्यापन आणि माहितीपत्रकांचा भार यांमुळे शिक्षकाला वेळ मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर शिक्षकाच्या उत्साहावर सोडून चालणार नाही. केंद्रस्तरीय बैठकीत महिन्यातून एक तास केवळ वर्गातील एका प्रश्नावर चर्चा होणे, दोन शाळांतील शिक्षकांनी परस्परांचे तास पाहणे आणि अहवालाच्या पानांऐवजी पुराव्याच्या प्रामाणिकपणाला गुण देणे, या सुधारणांना फारसा खर्च येत नाही.

मित्रहो, सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. एक वर्ग, एक प्रश्न, एक महिना आणि एक वही एवढे भांडवल पुरेसे आहे. उद्याच्या तासाला वर्गयादी हाती घेऊन, जे मूल बोलेल त्याच्या नावापुढे एक टिंब द्यावे. आठवड्याअखेर ज्या नावांपुढे एकही टिंब नसेल, ती नावे हाच संशोधनाचा प्रश्न आहे. पुढचा प्रत्येक टप्पा त्या नावांपासूनच सुरू होतो.